चाळिशीतली रेणुका

कॉलेजच्या प्रवेशखोलीत मुलाखत घ्यायला माणूस बसत नसे, यंत्र असायचं. तिथल्या काचेत ज्याचं त्याचं चाळिशीतलं रूप यायचं आणि पुढे काय झालं ते सांगायचं. प्रवेश घ्यायचा की जागा सोडायची, ते शेवटचं बटण मात्र आपण दाबायचं.

रेणुकाचा जुळा भाऊ मारुती मिनिटभरात नाचत बाहेर आला. "मी इंजिनिअर झालोय गं! टक्कलसुद्धा पडलंय!"

मार्क दोघांना सारखेच, म्हणून रेणुकाही उड्या मारतच आत गेली. काचेत तिचाच चेहरा होता, पण ओढलेला, केसांत खडीची धूळ.

"रेणुके, जागा सोड बाई," तो चेहरा तिच्याच आवाजात म्हणाला. "पहिल्याच वर्षी लग्न लावलं आपलं. तेव्हापासून खाणीवर खडी फोडतेय."

रेणुका काचेच्या अगदी जवळ गेली. "हे ठरवलं कुणी?"

"यंत्रानं आपल्या आईचं आयुष्य बघितलं, आजीचं बघितलं. त्यावरूनच घडवलंय मला."

"मग सांग ना, दुसऱ्या वर्षाला विषय कोणते असतात?"

"तिथवर आपल्यातली कुणी गेलीच नाही गं."

"मग मी जाते की!" म्हणत रेणुकाने 'प्रवेश हवा'चं बटण दाबलं.

काच हळूहळू विझली. अंधारातून तिचाच आवाज घाबराघुबरा होऊन विचारत राहिला, "अगं, मग मी कुठे जाऊ?"