झेंडूची माळ

नैसर्गिक वायू थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या खालापूरच्या कारखान्यासाठी इंजिनिअर कमळाकरनं वायू थंड करणारं महागडं यंत्र, हीट एक्स्चेंजर, निवडलं, तेही मालकाशी भांडून. “हे दगा देणार नाही,” त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. दसऱ्याला फिटर काळूरामनं बायकोनं ओवलेली झेंडूची माळ यंत्राच्या उघड्या तोंडावर चढवली आणि दुसऱ्या दिवशी ती काढून नळ्या जोडल्या. दिवाळीआधीच यंत्र फुटलं, काळूराम जागीच गेला. आज ते उघडलं, तर वायूच्या चिंचोळ्या वाटेत झेंडूचं फूल बुचासारखं बसलेलं. ते खिशात टाकून कमळाकर काळूरामच्या गावी, कशेळ्याला गेला. काळूरामची बायको अंगणात, फुललेल्या झेंडूपाशी बसली होती. “सायेब, मशीनच खराब व्हतं का?” तिनं विचारलं. खिशातली मूठ आवळत तो म्हणाला, “हो. माझीच निवड चुकली.” तिनं डोळे पुसले. “नवं आणाल ते पारखून आणा. माळ मीच ओवून देईन.”