अंगठ्याचा खळगा

आजोबांचं हृदय थकलेलं. अंगातलं पाणी उतरायला हवं होतं, पण वजन रोज सकाळी चढतच होतं. सिस्टरने पायावर अंगठा दाबला की पडलेला खळगा भरता भरायचा नाही. मीठ बंद, पाणी मोजून, लघवीची गोळी वेळेवर. मग पाणी मुरत होतं कुठे? तिचा संशय आजींवर होता. बाकावर आडव्या व्हा म्हटलं तरी बाई रात्रभर खुर्चीतच, खजिन्यावरच्या नागासारख्या. बाथरूमला मात्र सारख्या पळायच्या.

आज गोळी देऊन सिस्टर पडद्याआड थांबली. आजोबांनी गालातली गोळी काढून पुढे केली, आजींनी ती गपकन गिळली.

सिस्टरने पडदा सारला. “आजी, त्यांच्या जिवावर उठलात का?”

“मीच देतो तिला,” आजोबा म्हणाले. “तिचेही पाय सुजतात. पण दोघांनी अंथरूण धरलं तर बघणार कोण, म्हणून ती अवाक्षर काढत नाही.”

आजींनी पाय खुर्चीखाली ओढले. सिस्टरने खाली बसून एक पाय धरला आणि अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला.

तिने आवाज उतरवला. “आजी, रात्री आडव्या का होत नाही?”

आजींनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग तिच्या कानाशी वाकल्या.

“हळू बोल. यांना वाटतं, नुसते पायच सुजलेत. आडवं झालं की मला बुडाल्यासारखं होतं.”