सासूबाईंच्या कपाटाची दारं

आमच्या पाडांग शहरात लग्नाच्या दिवशी जावयाला एक मानाचं नाव मिळतं आणि सासू कायम त्याच नावानं हाक मारते. माझं ते नाव सुतान मराजो, जन्माचं नाव डेस्नाल. पण माझ्या वडापच्या गाडीत वूफरसाठी पेटी करायची म्हणून मी सासूबाईंच्या मोडक्या कपाटाची जाड दारं कापली आणि त्या दिवसापासून मी नुसता "ए डेस्नाल" झालो.

"गाण्यानं पोट भरतं का रे?" सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आमाकनं, विचारलं.

"आमाक, दणदणीत गाणी नसतील तर आमच्या गाडीत पोरी चढत नाहीत."

"पोरी?"

"म्हणजे कॉलेजच्या... पॅसेंजर हो, आमाक!" आत बायको तोंडाला ओढणी लावून हसत होती.

सोमवारी बाजाराच्या थांब्यावर सासूबाई मिरच्यांची टोपली घेऊन उभ्या दिसल्या, शेजारी त्यांची मैत्रीण. माझ्या पुढे दोन गाड्या होत्या. पहिली थांबली, तर त्यांनी हातानंच तिला पुढे धाडलं. दुसरीलाही तेच. मी गाणं बंद केलं आणि गाडी उभी केली.

सासूबाई चढल्या. मागच्या सीटखालच्या पेटीवर त्यांनी थाप मारली आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "ही बघ. आईनं लग्नात दिलेलं माझं कपाट. आता अख्खं गाव हलवतंय!"

मग आरशातून माझ्याकडे बघून त्यांनी डोक्यावरची ओढणी सावरली.

"बंद का केलंत? वाढवा की आवाज, सुतान मराजो!"