सपाट पट्टी

मृदुलाने संगणकाच्या पडद्यावरच्या पट्टीला थोडा बाक दिला, तशी अप्पांच्या पाठीवरची धातूची पट्टीही वाकली आणि मणक्याला टेकली. दर आठवड्याला हेच काम, आणि दर आठवड्याला बाक वाढलेला.

"पुरे झालं वाकवणं," तिचे वडील म्हणाले. "उद्या नातीचा साखरपुडा. तेवढ्यापुरती सरळ कर. एक बटण तर दाबायचंय."

"पट्टी सरळ होईल अप्पा, पण मणका मोडेल."

"मोडू दे. तुझ्या व्याह्यांपुढे असा कुबडा उभा राहू?"

समजावून समजावून मृदुला थकली होती. तिने बंद सोडले, पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि 'सपाट' दाबलं. बारीक कुरकुरत पट्टी उलगडली आणि टेबलाच्या कडेबाहेर गेली.

अप्पांनी मानेकडच्या टोकापासून कमरेकडच्या टोकापर्यंत हात फिरवला.

"एवढा होतो मी?"

"अजूनही तेवढेच आहात. वाकल्याने लांबी कमी होत नाही."

त्यांनी पट्टी उचलून तिच्या हातात दिली. मग तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "घाल परत. पण उद्या मला खुर्ची देऊ नकोस. मी उभाच राहीन. बोलायचं असेल तर व्याह्यांना वाकू दे थोडं."