आठ गप्प बोटी

"जिन्सी, संदेश अडकलेत," बेसिल म्हणाला. "एकही पुढे सरकत नाही."

केरळातल्या कोल्लमच्या मच्छीमार-इशारा कार्यालयाबाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं. वादळाचा इशारा निघाला होता. समुद्रात शेकडो बोटी होत्या. प्रत्येकीला 'परत फिरा' असं कळवायचं काम जिन्सीने लिहिलेल्या प्रोग्रामचं होतं. तिचे वडील, तिचे अप्पच्चन लाझरही पहाटे बोट घेऊन गेले होते. त्यांचा फोन लागत नव्हता. घरी आई उचलत नव्हती.

सर्व्हरवर मात्र ताण मुळीच नव्हता.

"काउंटर रिकामा आणि रांग तुंबलेली? हे कसं?" बेसिल खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

जिन्सी शोधू लागली. एका बोटीचा संदेश म्हणजे एक चिमुकलं काम. अशी सगळी कामं आठ थ्रेडवर, म्हणजे जणू आठ खुर्च्यांवर, आळीपाळीने बसून उरकायची. पण आठही खुर्च्यांवर एकेक काम ठाण मांडून बसलं होतं. संदेश पाठवून झाला होता. बोटीकडून 'मिळाला' असं उत्तर येत नव्हतं. चाचणीत बोटी लगेच उत्तर द्यायच्या, म्हणून हे कधी दिसलंच नाही. उत्तर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही, असं तिनेच लिहून ठेवलं होतं. कोळ्याची मुलगी होती ती.

"अगं, दारूच्या दुकानापुढची रांगसुद्धा याहून शहाणी असते," बेसिल म्हणाला. "वाट बघायची तर खुर्ची सोडून बाजूला उभं राहून बघ म्हणावं."

"चेट्टा," जिन्सी त्याला दादा म्हणून हाक मारत म्हणाली, "या आठांत अप्पच्चनची बोट आहे."

बेसिलचा आवाज खाली आला. "बाजूला उभं करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. उत्तर आलं की त्याला पुन्हा खुर्ची मिळेल. मागच्यांना तर अजून इशाराच गेलेला नाही."

तिने ती ओळ बदलली. प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

'मिळाला.' 'मिळाला.' 'मिळाला.' पडदा भरून गेला. नकाशावरचे ठिपके एकामागून एक किनाऱ्याकडे वळू लागले. बेसिलने टेबलावर थाप मारली. जिन्सी आठच नावांकडे बघत होती. त्या बोटी अजून गप्प होत्या.

फोन वाजला. नंबर आईचा, आवाज वडिलांचा. मागे मासळीच्या लिलावाचा गलका.

"मोळे, अगं पोरी, आईला एवढे फोन कशाला केलेस? आज किनाऱ्यालगतच तारलीचा थवा सापडला! आम्ही आठ बोटी भरून केव्हाच धक्क्याला लागलो. आई इथेच टोपल्या उचलतेय."

जिन्सीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग बोटीवरचं यंत्र उत्तर का देत नाही, अप्पच्चा?"

"ते बंद केलं. घरी पोचलेल्या माणसाला परत फिर म्हणून कोण सांगणार?"