पांढरे पॅड

स्पेनच्या महिला रोलर हॉकीच्या, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीच्या, अव्वल लीगमध्ये टिकायला संघाला बरोबरी पुरेशी होती. पण शेवटच्या मिनिटाला गोलरक्षक जुर्दीना समोरच्या संघातल्या एकीला पाडून, निळं कार्ड खाऊन बाहेर आली. समोरच्या संघाला मिळालेली फ्री हिट एकटीने अडवायला उरली राखीव इवेत. सीझनभर तिने बाक उबवला होता, क्लबच्या रिवाजाप्रमाणे सामन्यानंतर जुर्दीनाच्या पॅडवरचे चेंडूचे काळे डाग पुसले होते. तिचे स्वतःचे पॅड पांढरेशुभ्र. "नवरीबाई, झगा मळेल हं!" समोरच्या बाकावरून टोमणा. इवेत गोलपुढे उकिडवी बसली. चेंडू हलण्याआधी हलायला मनाई; तिने नजर चेंडूवर रोखली. शिट्टी वाजली, फटका मारणारीच्या स्केट्सची चाकं खरखरत अंगावर आली. धप्प! चेंडू पायाच्या पॅडवर आदळून बाहेर गेला. बरोबरी टिकली. जुर्दीना ओलं फडकं घेऊन तिच्यापुढे वाकली. "आण पाय, आज मी पुसते." इवेतने ग्लव्हने डाग झाकला. "हात तर लावून बघ!"