नसती उठाठेव

छापखान्यात मालकाच्या मेव्हण्यानं केलेली चूक बाइंडिंगच्या ताईंनी वेळेत पकडली. बक्षीस म्हणून मेमो त्यांनाच मिळाला: 'आपल्या कामापुरतं बघावं. नसती उठाठेव नको.'

महिन्याभरानं शाळेची पाच हजार पुस्तकं बांधून तयार झाली. ट्रक दारात उभा होता. मालकानं सहज एक पुस्तक उघडलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. सोळाव्या पानानंतर थेट तेहतिसावं पान!

"अकरा जणांच्या हातांखालून गेली ही पुस्तकं. एकालाही दिसलं नाही?"

"दिसलं की, साहेब," कटिंगवाले काका शांतपणे म्हणाले. "पहिल्याच पुस्तकात."

"मग तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"



मेमो एकट्या ताईंना दिला होता. त्याची झेरॉक्स मात्र बाकीच्या दहाही जणांच्या खिशातून निघाली.